तारेने बांधलेला मांडव

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून आले, ‘शहराला वादळी वाऱ्याचा तडाखा’. मी सकाळी सात वाजताच त्या वार्ताहराला फोन लावला.

“वादळी वारा आडवा वाहते,” मी म्हणालो. “काल आला तो उभा होता. टोर्नेडो लिहा.”

“भाऊ, हवामान खातं म्हणते तेच छापावं लागते आम्हाले.”

“हवामान खातं मांडवाखाली होतं काय?”

त्याने फोन ठेवून दिला. एका शब्दासाठी मी त्याच्याशी पाच मिनिटे घासाघीस केली आणि हरलो. म्हणून आता मीच लिहून ठेवतो आहे. मी तिथे होतो, आणि जे झाले त्यात माझा स्वतःचा हात किती होता, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक नाही.

चंद्रपुरात माझे बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, कूलर, पातेली, सगळे भाड्याने देतो. गोंडपिपरीकडच्या खेड्यातून मी या शहरात आलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती. आज दोन गाड्या आहेत आणि गोदाम आहे. कुणी वारसा दिला नाही, कुणी हात धरून पुढे नेले नाही. माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते, ‘आमचा मांडव हलत नाही’. ती ओळ जाहिरात नव्हती. ते एका माणसाला दिलेले उत्तर होते.

तो माणूस म्हणजे मामाजी. माझे नात्याने कुणी नव्हेत. सगळा बाजार त्यांना मामाजी म्हणतो. शहरातले सर्वांत जुने बिछायतवाले. अकरा वर्षे मी त्यांच्याकडे काम केले. खड्डा किती हात खोल घ्यायचा, लाकडी बल्ली कशी उभी करायची, छताचे कापड ताणून दोरीने कसे बांधायचे, सगळे त्यांनी शिकवले. छत नेहमी सुरगाठीने बांधायचे, हा त्यांच्याकडचा पहिला नियम. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढले की सुटणारी गाठ. वारा वाढला की चार माणसांनी चार बाजूंची टोके ओढायची, कापड सोडून द्यायचे. कापड जाते, सांगाडा उभा राहतो, खालची माणसे वाचतात.

मग गोंडपिपरीचे ते लग्न आले. जमीन मुरमाची, पहारीने ठिणग्या उडत होत्या. मी मामाजींना निरोप पाठवला, खड्डे एक हातसुद्धा झाले नाहीत, अर्धा दिवस आणखी द्या. त्यांचा उलटा निरोप आला, आहे तसा उभा करा, गाडी राजुऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. सुरगाठी ओढायलाही वेळ मिळाला नाही. बल्ल्या मुळासकट उपटून आल्या. एका म्हातारीचा हात मोडला. मामाजी तिथे पोचले आणि दीडशे माणसांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याची गाठ ढिली होती.”

खड्ड्यांचे नाव त्यांनी काढले नाही. आणि मीही त्या वेळी बोललो नाही, कारण त्यांच्यासमोर बोलायची मला सवय नव्हती. त्याच दिवशी काम सोडले. पण बाजारात माझ्या आधी माझे नाव पोचले होते. चहाच्या टपरीवर लोक मला ‘उडता मांडव’ म्हणू लागले. सतरा वर्षे झाली. अजूनही एखादा म्हातारा हमाल विसरून तसेच हाक मारतो आणि माझ्या शिव्या खातो.

तेव्हापासून मी छत दोरीने बांधणे सोडले. मी तार वापरतो. बांधकामावर सळ्या बांधायची जी काळी तार असते, ती. पकडीने तीन पीळ दिले की कापड आणि पाइप एक होऊन जातात. सतरा वर्षांत माझा एकही मांडव हलला नाही. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नव्हतो.

त्या मे महिन्यात तुकूमकडचे एक काका माझ्याकडे आले. राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मुलीचे लग्न ठरलेले. नवरदेवाचे वऱ्हाड वरोऱ्याहून येणार होते. त्यांनी बसल्याबसल्या खुर्ची हलवून पाहिली, तेव्हाच ओळखले की हा माणूस घासाघीस करणार.

“मांडव सोळा फूट उंच पाह्यजे,” ते म्हणाले.

“काका, बारा फुटाच्या वर मी जात नाई.”

“ड्रोन फिरवाचा आहे आतून. बारा फुटात त्याचा पंखा डोक्याले लागन लोकायच्या.”

“लग्न ड्रोनचं आहे का पोरीचं?”

ते हसले नाहीत. “मामाजीकडे सोळा फुटाचा भेटते,” म्हणाले.

इथे मी चुकलो. ते मामाजींकडे गेले होते की नाही, मी विचारलेसुद्धा नाही. मामाजींचे नाव निघाले की माझ्या डोक्यात काहीतरी पेटते. मी म्हणालो, सोळा देतो. मग ते तीन बाजूंनी कनाती मागू लागले, म्हणजे कूलरची हवा बाहेर जाऊ नये. मी म्हणालो, उन्हाळ्याच्या दिवसांत दोन बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. ते म्हणाले, मग आठ कूलर द्या. मी म्हणालो, सहा कूलर आणि तीन बाजू बंद. ते म्हणाले, सात. मी सातवर हो म्हणालो आणि वर ऐटीत सांगितले, “हलला तर मले सांगा. लिहून देतो.”

असा सौदा पटला. सोळा फूट उंच, तीन बाजू बंद, छत तारेने आवळलेले. आज विचार करतो तेव्हा कळते, मी वाऱ्यासाठी एक भलीमोठी पिशवी शिवून दिली होती, तोंड उघडे ठेवून.

लग्नाचा मुहूर्त गोरजाचा होता. मांडव महानगरपालिकेच्या शाळेच्या मैदानात. शाळेच्या वर्गखोल्यांत वऱ्हाडाचा जानवसा दिलेला, म्हणजे नवरदेवाकडचे लोक तिथे उतरलेले. मांडवात मुलीकडचे तीनेकशे लोक. मे महिन्याची दुपार, चंद्रपूरची. बाहेर पाय टाकला की चपलेतून चटका येतो. त्यामुळे म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, सगळे कूलरसमोर सतरंजीवर आडवे झालेले. मागे आचाऱ्यांनी आलू-वांग्याची भाजी चढवलेली. माझी बायको कूलरमध्ये पाणी भरून घेत फिरत होती. धंद्यातली अर्धी अक्कल तिची आहे. हे मी घरी कधी बोलत नाही, पण लिहायला हरकत नाही.

तीनच्या सुमारास मामाजी आले. पाहुणे म्हणून. मुलीच्या बापाशी त्यांची जुनी ओळख निघाली. हातात काठी, गुडघे गेलेले, पण नजर तशीच. ते खुर्चीवर बसायच्या आधी मांडवाच्या एका पाइपजवळ गेले, वर पाहिले, आणि काठीचे टोक तारेच्या पिळाला लावले.

“काऊन रे बाबू, दोरी महाग झाली काय?”

“दोरी सुटते मामाजी. माह्या हाताची तर जास्तच सुटते. तुम्हीच सांगतलं होतं न लोकायले?”

“सुटाले पाह्यजे म्हणूनच बांधाची असते दोरी.”

“माहा मांडव सतरा वर्षात हलला नाई.”

“मले तेच भेव वाटून राह्यलं,” ते म्हणाले आणि पहिल्या रांगेत सर्वांत मोठ्या कूलरसमोर जाऊन बसले. जाताना मागे वळून म्हणाले, “खड्डे तरी बरोबर घेतले काय?”

खड्ड्यांचे नाव त्यांनी काढावे! माझे कान तापले. मी काहीतरी बोलणारच होतो, तर बायकोने माझ्या हातात पाण्याची बादली दिली. “अजी, हे तिकडं नेऊन ठेवा,” म्हणाली. मी नेऊन ठेवली.

चारच्या आसपास ऊन एकदम गेले. काळे ढग दाटले म्हणून नव्हे; आकाश पिवळट तपकिरी झाले, जुन्या हळदीच्या कापडासारखे. वारा पडला. कनातीचे कापड, जे दिवसभर फडफडत होते, ते सरळ लोंबू लागले. कूलरचा आवाज मोठा वाटायला लागला. मी मैदानाच्या कडेला उभा राहून इरई नदीच्या बाजूला पाहिले. वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या आणि त्यांच्या अलीकडे जमिनीवरून धूळ उठत होती.

“वावटळ येऊन राह्यली,” कुणीतरी म्हणाले.

आमच्याकडे मे महिन्यात वावटळ रोज येते. तिच्यात भूत असते म्हणतात. म्हणून तिच्यावर थुंकायचे, नाही तर चप्पल फेकायची. पोट्टे मैदानात धावले. तीन-चार मोठी माणसेही उठली, मोबाइल काढून उभी राहिली. एका पाहुण्याने खरोखर चप्पल काढून हातात घेतली आणि म्हणाला, “येऊ दे, येऊ दे.” सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडच्या माणसाला धुळीचे उभे वाटोळे दिसले की तो पळत नाही, गंमत बघतो. त्या दिवशी आम्ही सगळेच तसे उभे होतो.

मग मला त्या धुळीत काहीतरी चमकताना दिसले. पत्रावळी फिरावी तसे ते फिरत होते. मी डोळे बारीक करून पाहिले. ते टिनाचे पत्रे होते. घरांच्या छपरांचे, दहा-दहा फुटांचे टिनाचे पत्रे, आणि ते कागदासारखे वर वर चढत होते.

वावटळ कमरेएवढी, फार तर घराएवढी असते. हा खांब ढगात शिरलेला होता. वर रुंद, खाली निमुळता, आणि खालचे टोक डावीकडे उजवीकडे सरकत सरळ वस्तीतून येत होते. आवाज आधी कळला नाही, कारण तो ओळखीचा होता. कोळशाची रिकामी मालगाडी पुलावरून जाते तसा. मी मनात म्हणालोसुद्धा, या वेळी कोणती गाडी? मग लक्षात आले, त्या बाजूला रूळच नाहीत.

मी वळून मांडवाकडे पाहिले. तीनशे लोक, त्यांच्यावर सोळा फुटांवर ताणलेले कापड, ते बत्तीस लोखंडी पाइपांना तारेने आवळलेले. तोंड नेमके त्याच बाजूला उघडे. वारा आत शिरला की कापड सुटणार नव्हते. मीच तशी सोय केली होती. कापड पाइपांना घेऊन उठले असते आणि ते पाइप याच लोकांवर पडले असते.

बायकोने माझ्याआधी सुरुवात केली होती. तिने मेन स्विच पाडला. सातही कूलर एकदम बंद झाले आणि त्या शांततेत तिचा आवाज सगळीकडे गेला. “बायाहो, शाळेत चला! लेकरं उचला, सामान राहू द्या!” ती एकेकीला दंडाला धरून उठवत होती. शाळेची इमारत स्लॅबची होती, पण अंतर शंभर पावलांचे, आणि झोपलेली म्हातारी माणसे शंभर पावले पटकन चालत नाहीत. एक आजी म्हणत होती, “कूलर बंद काऊन केला वं?” तिला दोघींनी उचलून नेले.

मी पक्कड घेतली, घोडी ओढली. घोडी म्हणजे आमची दुहेरी शिडी, मांडव बांधायची. चढलो आणि पहिल्या तारेचे पीळ सोडू लागलो. एक सुटली. दुसरी सुटली. तिसरीचा पीळ माझ्याच हातचा, घट्ट; पक्कड सटकली, बोटाचे कातडे गेले. माझी चार माणसे दुसऱ्या बाजूंनी तेच करत होती. बत्तीस पाइप, एकेकाला दोन-दोन ठिकाणी तार. मालगाडीचा आवाज वाढत होता.

“अबे, तार काऊन उकलून राह्यला?” खालून आवाज आला. मामाजी. सगळे शाळेकडे धावत होते आणि हे काठी टाकून माझ्या घोडीजवळ उभे. “कापड फाड!”

“नवीन आहे मामाजी! याच सीझनचं आहे!”

“कापड नवीन आहे, अन् खालचे लोक जुने झाले काय?”

खरे सांगतो, एक क्षण माझा हात थांबला. ते कापड मी स्वतः निवडून आणले होते, पांढरे, सोनेरी किनारीचे. पण ते कारण नव्हते. कारण हे होते की माझ्या मांडवाचे छत मी माझ्या हाताने खाली आणायचे, आणि तेही या माणसाने सांगितले म्हणून, या माणसाच्या डोळ्यांसमोर. सतरा वर्षे ज्यासाठी तार पिळली, ते सगळे एका हाताने फाडून द्यायचे.

मी ओरडलो, “इळा द्या!”

इळा त्यांच्या हातात आधीच होता. आचाऱ्याकडून उचलून आणला असावा. त्यांनी तो मुठीकडून वर केला आणि म्हणाले, “घोडी मी धरतो.”

“तुम्ही जा शाळेत. गुडघे पाहा आपले.”

“घोडी धराले गुडघे कायले लागते? फाड तू!”

मी इळ्याचे टोक कापडात खुपसले आणि किनारीच्या आतून ओढत नेले. नवे कापड फाटताना किंकाळल्यासारखे फाटते. एक पट्टा मोकळा झाला, लगेच वाऱ्याने तो उचलला. माणसांना हाक दिली, “पक्कड टाका! फाडा!” त्यांनी सुऱ्या घेतल्या, एकाने दातांनी सुरुवात करून हातांनी फाडले. मी घोडीवरून उतरायचो, मामाजी ती चार पावले पुढे ओढायचे, मी चढायचो. अकरा वर्षे आम्ही असेच काम केले होते, मी वर, ते खाली. फरक एवढाच, तेव्हा आम्ही बांधत होतो. निम्मे छत फाटल्यावर उरलेले वाऱ्याने आपणहून घेतले. एवढे मोठे कापड एका झटक्यात वर गेले, उलटे झाले, आणि डोळे मिटून उघडेपर्यंत खूप लहान दिसायला लागले.

माझी माणसे शाळेकडे पळाली. मांडवात आता दुसरे कुणी नव्हते. आम्ही दोघे होतो, आणि शाळेपर्यंत पोचायला वेळ उरला नव्हता. मैदानाच्या कडेला पावसाळ्याची नाली होती, कोरडी. मी मामाजींना बगलेतून उचलले आणि नालीत टाकले. टाकले हाच शब्द बरोबर. त्यांच्यावर मी पडलो.

पुढची एक-दोन मिनिटे मी काही पाहिले नाही. कानात दडे बसले, विहिरीत खोल उतरल्यासारखे. पाठीवरून वाळू, गिट्टी, काय काय गेले. माझा शर्ट पाठीवर फाटला, तो दुसऱ्या दिवशी बायकोने दाखवला. माझ्याखालून मामाजी काहीतरी बोलत होते. मी कान जवळ नेला तेव्हा ऐकू आले, “अबे, कोपर काढ. बरगडी मोडतोस काय माही?”

मग आवाज पुढे, शहरातल्या जटपुऱ्याच्या बाजूला गेला, आणि एकदम गारा पडू लागल्या.

बाहेर आलो तेव्हा पहिल्यांदा शाळेकडे पाहिले. वऱ्हांडा माणसांनी भरलेला होता. बायको पायरीवर उभी राहून डोकी मोजत होती. तिने दुरूनच हात वर केला, पंजा उघडून हलवला. आमच्यात त्याचा अर्थ, सगळे आहेत. खरचटणे, एकाच्या कपाळाला टाके, आचाऱ्याचा हात थोडा भाजला, यापलीकडे आमच्या मैदानात कुणाला काही झाले नाही. शहरात दुसरीकडे घरे उघडी पडली होती, भिंती पडल्या होत्या. ते मी नंतर पाहिले, आणि त्यातले बरेच लिहिण्यासारखे नाही.

आणि सांगाडा उभा होता. बत्तीसपैकी चार पाइप वाकले, एकही उपटला नाही. खड्डे मी पूर्ण घेतले होते. कनाती गेल्या, छत गेले. त्याच्या चिंध्या दोन दिवसांनी विजेच्या मनोऱ्यावर लटकलेल्या दिसल्या. स्टेजवर नवरा-नवरीसाठी मखमली सोफा ठेवला होता. त्यावर कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची काळी टाकी येऊन बसली होती, अगदी मधोमध, मानाच्या पाहुण्यासारखी. मुलीच्या बापाने त्या टाकीभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बारा फूटच बरा होता, भाऊ.”

लग्न शाळेच्या वऱ्हांड्यात लागले, गोरजाच्या मुहूर्तावर. भाजीत धूळ गेली होती, म्हणून वरण-भात नव्याने टाकला.

अक्षता पडल्यावर मी मामाजींजवळ जाऊन बसलो. त्यांच्या कपाळाला हळद लावलेली होती, खरचटलेल्या जागी. त्यांनी बाहेर बघून म्हटले, “सांगाडा उभा आहे तुहा. मंग मांडव हलला नाई म्हणाचं.”

समजूत काढत होते. मला समजूत नको होती. इतक्या वर्षांनी हा माणूस माझ्यासमोर नीट बसलेला होता, आणि त्याला उठून जाता येत नव्हते. सौद्याची वेळ मी ओळखतो.

“गोंडपिपरीचे खड्डे कोनाचे होते मामाजी?”

त्यांनी कपाळावरची हळद बोटाने चाचपली. मग म्हणाले, “चार आणे माहे.”

“चार?” माझा आवाज चढला. वऱ्हांड्यातले लोक बघायला लागले. “मी निरोप पाठवला, अर्धा दिवस मांगतला. तुम्हाले गाडी राजुऱ्याले न्यायची होती. सोळा आणे तुमचे.”

“सोळा कसे? जमीन मुरमाची होती. ते का मी केली? आठ.”

“चौदा.”

“तू माहं ऐकून बांधलं कायले मंग? सोडून यायचं होतं. तेव्हा तोंड नव्हतं तुले?”

हे मला लागले, कारण ते खरे होते. मला तोंड होते, मी उघडले नव्हते. मी म्हणालो, “बारा. पण बाजारात म्हणाचं. चहाच्या टपरीवर, सगळ्यायसमोर. जिथं मले उडता मांडव म्हणते तिथंच.”

“अन् तू काय म्हणशीन?”

“मी म्हणीन, छत फाडाले मामाजीनं सांगतलं. मी तार उकलत बसलो होतो.”

त्यांनी हात पुढे केला. मी धरला. त्यांची बोटे दोरीने घासून घासून लाकडासारखी झालेली आहेत, तशीच अजून.

ते आठ दिवसांनी ऑटोने बाजारात आले आणि टपरीवर उभे राहून बोलले. वाक्य सरळ नव्हते, आधी मुरमाला शिव्या दिल्या, मग राजुऱ्याच्या गिऱ्हाइकाला, आणि मग म्हणाले, “खड्डे मी उथळ ठेवाले लावले. बारा आणे माहे.” तेवढ्यावर थांबले असते तर मामाजी कसले. “चार आणे याचे. गाठ थोडी ढिली होतीच.” मी ग्लास आपटला. आमचे तिथेच पुन्हा भांडण झाले आणि लोकांनी चहा पीत पीत ऐकले. ते चार आणे माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत, आणि जाणारही नाहीत. पण माझा भाग मी बोललो. अर्धा शब्दही कमी केला नाही.

तारेची भेंडोळी मी सळ्या बांधणाऱ्यांना देऊन टाकली. आता माझ्या मांडवाचे छत दोरीने बांधतात, सुरगाठीने, आणि प्रत्येक लग्नात चार माणसे चार कोपऱ्यांत नुसती टोकांजवळ बसवून ठेवतो. पाटीवरची ओळ पेंटरकडून पुसून घेतली. नवी काय लिहायची ते अजून सुचलेले नाही. पेंटर रोज विचारतो, मी रोज त्याच्यावर ओरडतो.

गेल्या महिन्यात एक नवे गिऱ्हाईक आले. मुलाचे लग्न, मे महिना, मांडव सोळा फूट पाहिजे, ड्रोन फिरवायचा आहे.

“बारा,” मी म्हणालो. “दोन बाजू मोकळ्या.”

“मामाजीकडे पाहून येतो मंग.”

“जा,” मी म्हणालो.

तो गेला. मी गल्ल्यावर बसून राहिलो. बायकोने विचारले, गेला काय? मी म्हणालो, येते. मला खात्री होती, आणि खात्री होती याचा थोडा रागही येत होता. अर्ध्या तासाने तो माणूस परत आला, तोंड पाडून.

“तिथंही बाराच म्हणते,” तो म्हणाला. “म्हणते, सोळा पाह्यजे असन तर दुसरं गाव पाहा.”

“बसा,” मी म्हणालो. “आता कूलरचं बोला.”